रकान्यातलं शून्य: राधानगरीत व्याघ्रगणनेला गेले तेव्हा

व्याघ्रगणनेत आपल्यासारख्या माणसाला भाग घेता येतो, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत काम करते. जंगलाशी नातं म्हणजे पावसाळ्यात गगनबावड्याची चक्कर आणि पोरं लहान असताना दाजीपूरला जीपमधून केलेली सफर, एवढंच. अर्ज करावा की नाही या विचारात होते तेव्हा मला हवी होती ती माहिती कुठे एकत्र मिळेना. रोज किती चालावं लागतं? बाईमाणसाची राहण्याची सोय काय? जंगलाचं शिक्षण नसलेल्याला तिथे काम तरी काय देतात? यंदाच्या जानेवारीत हे सगळं करून आले. पुढे कुणी असंच चाचपडत असेल तर उपयोगी पडावं म्हणून क्रमाने लिहिते.

आधी थोडं गणनेबद्दल. अखिल भारतीय व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते; २०२६ ची ही सहावी. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी ठरवून दिलेल्या पद्धतीने देशभर एकाच साच्यात काम चालतं. पहिल्या टप्प्यात वनरक्षक आपापल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या रानाच्या तुकड्यात, पायी फिरून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा आणि तृणभक्षी प्राणी नोंदवतात. दुसऱ्या टप्प्यात उपग्रहावरून मिळालेली जंगलाची माहिती त्याला जोडतात आणि तिसऱ्या टप्प्यात कॅमेरे लावतात. स्वयंसेवकाचं काम पहिल्या टप्प्यात, वनरक्षकाचा जोडीदार म्हणून.

राधानगरी म्हटलं की आपल्याला गवा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. शाहू महाराजांच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं, ते महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९८५ साली हद्द वाढून ते ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं. राधानगरी आणि काळम्मावाडी ही दोन्ही धरणं याच रानाच्या कुशीत आहेत. थेट पाइपलाइनमुळे आज शहरात आमच्या नळाला येतं ते काळम्मावाडीचंच पाणी. ज्या रानाचं पाणी रोज पितो ते रान एकदा पायांनी बघावं, अर्ज करण्यामागे माझ्या मनात एवढंच होतं.

२८ नोव्हेंबरला रात्री जेवणं झाल्यावर ऑनलाइन अर्ज भरला. आधार कार्ड, फोटो, रक्तगट, अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्याचा नंबर, आणि चालण्याची क्षमता किती असा थेट प्रश्न. फोटो आणि आधारची फाइल ठरलेल्या साइजपेक्षा थोडी जरी मोठी असली तरी अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून दोन्ही आधीच लहान करून मोबाइलमध्ये ठेवा. अर्जाला फी नव्हती. सोबत नोंदणीकृत डॉक्टरांचा फिटनेस दाखला लागतो. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब, नाडी, गुडघे बघून दोनशे रुपये घेतले. "प्रकृती उत्तम" एवढ्यावर भागवू नका. "डोंगराळ भागात रोज आठ ते दहा किलोमीटर चालण्यास योग्य" असं स्पष्ट लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एकीला याच कारणासाठी दाखला पुन्हा आणावा लागला.

तिसरा कागद हमीपत्राचा. जंगलात काही इजा झाली किंवा जीव गेला तर नुकसानभरपाई मागणार नाही, सोबतच्या कर्मचाऱ्याच्या सूचना पाळीन, मिळालेली माहिती आणि प्राण्यांच्या जागा समाजमाध्यमांवर टाकणार नाही, असा साधारण मजकूर. त्यावर घरच्या माणसाची सही. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. मागच्या गणनेच्या वेळी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ताडोब्यात हेच काम करताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी आम्ही दोघांनीही वाचली होती. राधानगरीत ताडोब्यासारखे वाघ नाहीत, पण गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे. दोन दिवस घरात हा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सही केलेला कागद माझ्या डब्याच्या पिशवीत होता.

मग थांबणं. अख्खा डिसेंबर गेला. दिलेल्या नंबरावर फोन केला की नुसती रिंग वाजायची. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी यादी दुसऱ्या टेबलावर आहे असं सांगितलं, दुसऱ्या टेबलावरचे साहेब फिरतीवर होते. एक वही पुढे केली, तीत नाव, अर्ज क्रमांक आणि नंबर लिहून आले. त्या फेरीचा फायदा झाला असं मला वाटतं, कारण २ जानेवारीला फोन आला तो त्याच वहीतून नंबर बघून केल्याचं समोरच्याने सांगितलं. "चांदोली भरलंय. राधानगरी चालेल का?" चांदोली म्हणजे राधानगरीच्या उत्तरेचं राष्ट्रीय उद्यान. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा अर्जाच्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि तीन आठवडे उत्तर आलं नाही तर समक्ष जा.

मधल्या काळात चालण्याचा सराव केला. रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारत होते, पण ती सपाटीवरची सवय चढाला पुरत नाही हे पहिल्या रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढताना कळलं. त्यानंतर दर रविवारी डोंगरच. नवे बूट घेतले, सव्वादोन हजारांचे, आणि ते महिनाभर आधी घालायला सुरुवात केली. हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या तुकडीतल्या एका मुलाने कोरे बूट आणले होते आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या टाचा सोलून निघाल्या.

१० जानेवारीला, दुसऱ्या शनिवारी, प्रशिक्षण झालं. सकाळी पडद्यावर ठसे, विष्ठा, ओरखडे यांचे फोटो आणि दुपारी बाहेर मैदानात होकायंत्र, अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि एम-स्ट्राइप्स हे अॅप. सगळी नोंद त्या अॅपवर होते. आपण चाललेली वाट ते स्वतः टिपतं, आणि त्याला नेटवर्क लागत नाही. शिकवणारे साहेब शांत स्वभावाचे होते. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सर, काहीच नाही दिसलं तर?" ते म्हणाले, "तर शून्य लिहायचं. तुम्हाला काही दिसावं म्हणून तुम्ही चाललेला नाही. तिथे काय आहे आणि काय नाही, ते आम्हाला कळावं म्हणून चाललाय." मी दिवसभर आकड्यांत काम करणारी बाई, त्यामुळे हे माझ्या पटकन गळी उतरलं. मनाला मात्र पटायला जंगलात जावं लागलं.

१५ तारखेला महापालिकेचं मतदान उरकलं आणि १८ ला, रविवारी, रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पन्नासच्या आतबाहेर. राधानगरीतून पुढे खात्याच्या गाडीने नेलं. पिशवीत मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, कानटोपी, टॉर्च, दोन पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, ओआरएस, गूळ-शेंगदाणे. अत्तर, सुगंधी तेल, पांढरे किंवा भडक कपडे चालत नाहीत. बांगड्या घरीच ठेवा, फार वाजतात. जेवणाचे पैसे कुणी घेतले नाहीत, पण शिध्यात हातभार म्हणून सगळ्यांनी तीनशे-तीनशे काढले.

आमचा मुक्काम संरक्षण कुटीत, म्हणजे वनखात्याच्या जंगलातल्या चौकीत, होता. दोन खोल्या, एक बायकांना, एक पुरुषांना, मागे संडास-बाथरूम आणि चुलीवर तापवलेलं पाणी. सौर दिवा रात्री नऊपर्यंत. वाटेवर मात्र आडोसा सोडून काही नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर सगळं सामान आणि वापरलेलं परत आणायला वेगळी घट्ट पिशवी ठेवा. जंगलात काहीही टाकायचं नाही. सोबतची वनरक्षक तिशीच्या आतली मुलगी होती, तिच्याशी हे सगळं मोकळेपणी बोलता आलं. ती मला ताई म्हणायची, मी तिला मॅडम. आमच्यासोबत तिसरे वनमजूर मामा. त्यांचा जन्म जवळच्या वाडीतला, हातात कोयता, पायात साध्या चपला.

पहिले दिवस खुणांच्या सर्वेक्षणाचे. बीटमधल्या ज्या वाटांवर मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा सापडण्याची शक्यता जास्त, अशी किमान पाच किलोमीटरची वाट निवडतात आणि सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करतात. धुकं इतकं की पुढचा माणूस दहा पावलांवर विरघळायचा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वाळलेलं गवत दवाने भिजलेलं असायचं. सडा संपला की एकदम गच्च रान. अंजनी, जांभूळ, हिरडा, वर गारंबीचे दोरखंडासारखे वेल, खाली कारवी. त्या रानात पंधरा-वीस मीटरच्या पलीकडे नजर पोचत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस या पट्ट्यात पडतो, त्यातून ही दाटी आलेली आहे. गवताळ जंगलात जीपमधून बसल्या बसल्या प्राणी दिसतात, तशी अपेक्षा ठेवून इथे कुणी येऊ नये. इथे प्राणी आधी ऐकू येतो, मग त्याचा वास येतो, मग खूण दिसते. तो स्वतः दिसलाच तर सर्वांत शेवटी.

खुणा वाचायला मामांनी शिकवलं. वाटेच्या मधोमध पडलेली बिबट्याची विष्ठा, टोकाला पिळदार, आत केस. मॅडमनी काडीने उलगडून दाखवलं, भेकराचे असावेत म्हणाल्या. दोन वाटा मिळतात तिथे एकाच जागी जुन्या-नव्या विष्ठांचा सडा पडलेला होता, तो कोळसुंद्यांचा. रानकुत्र्यांचा कळप ठरावीक जागी अशी हजेरी लावून जातो. एका झाडाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते, वर मधाच्या पोळ्याकडे जाणारे. ओरखड्यात चीक सुकून काळा पडला होता. मामा म्हणाले, "जुनं हाय. मागच्या साली हितनं पोळं काढलंय त्यानं." मॅडमनी अॅपवर "जुनी खूण" निवडलं. नवी आणि जुनी यात फरक करावाच लागतो, अंदाजाने नवी लिहिलेली चालत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला एका लहानशा गोष्टीपाशी. ओढ्याच्या काठी, पालापाचोळ्यात, मुगाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठ्या अशा काळ्या लेंड्यांची छोटी रास होती. मामा उकिडवे बसले आणि बोटाने आजूबाजूचं एकेक पान बाजूला केलं. "पिसोरी," म्हणाले. सशाएवढं हे हरीण, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, शिंगं नाहीत. ते रात्रीचं हिंडतं. त्याच्या राज्यात जन्म गेला तरी बहुतेकांना ते दिसत नाही. मामांनी चाळीस वर्षांत ते मोजक्या वेळा बघितलंय. लेंड्यांच्या पुढे ओल्या मातीत खुराची खूण होती, माझ्या करंगळीच्या नखात मावेल एवढी. शेजारी पट्टी ठेवून फोटो घेतला. वर झाडात पल्लवपुच्छ कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत होता, पण मान वर करावी असं वाटेना.

वाघाच्या रकान्यात आम्ही रोज शून्य लिहिलं. राधानगरीत वाघ येऊन-जाऊन असतात. इथे कॅमेऱ्यात टिपलेला एक नर पुढे डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत उमटला. म्हणजे हे रान त्यांच्या येण्याजाण्याची वाट आहे. अशा वाटेवर आज वाघ नाही हे नीट, दिनांक-वेळेसह लिहून ठेवलेलं असेल तरच उद्या तो आल्याचं मोल कळेल. संध्याकाळी कंदिलाशेजारी बसून मॅडम दिवसाच्या नोंदी पुन्हा तपासायच्या, तेव्हा त्या शून्यांकडेही त्या तेवढ्याच बारकाईने बघायच्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर ट्रान्सेक्ट लाइन. ही वाट नसते, नकाशावर आखलेली सरळ रेषा असते, दोन किलोमीटरची. चढ, ओढा, कारवी, काहीही आलं तरी रेषा सोडायची नाही. सूर्य उगवता उगवता निघायचं, अगदी सावकाश, एकामागे एक, न बोलता. तृणभक्षी प्राणी दिसला की वेळ, जात, संख्या, पिल्लं, आपल्यापासूनचं अंतर रेंजफाइंडरने आणि दिशा होकायंत्राने. अंतर का, तर दाट रानात जवळचे दिसतात आणि लांबचे निसटतात. कुठल्या अंतरावर किती दिसले यावरून न दिसलेल्यांचा हिशेब मांडता येतो. एवढं गणित समजलं की रेंजफाइंडर धरताना हात आपोआप स्थिर राहतो.

दुसऱ्या सकाळी रेषेच्या मध्यावर मामांनी मागे न बघता हात आडवा केला. गोठ्यात शिरल्यासारखा वास आला. "गवा हाय. हलू नगा," एवढंच ते पुटपुटले. मला कारवीशिवाय काही दिसत नव्हतं. मग कारवीतलीच एक काळी सावली फिरली आणि ती गाय होती हे कळलं. पायांत गुडघ्यापर्यंत मळकट पांढरे मोजे, खांद्यावरून पाठीकडे गेलेला उंचवटा, कपाळ फिकट राखाडी. ओल्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. तिच्या मागे तांबूस वासरू, आणि आणखी मागे फांद्या मोडल्याचे आवाज. मॅडमनी रेंजफाइंडर इतक्या हळू डोळ्याला लावला की मला त्यांचा हात हललेला जाणवला नाही. अठ्ठावीस मीटर. माझं काम होकायंत्र वाचून आकडा बोटांनी दाखवायचं. तोंडाला कोरड पडली होती, पण आकडा दाखवला. गायीने नाकातून जोराचा फुत्कार टाकला, शिट्टीसारखा, आणि सगळं रान एकदम धडाडून उताराला लागलं. त्या धडाडण्यात आम्ही मोजलेले गवे पाच. मामा म्हणाले, आत अजून होते. मॅडमनी पाचच लिहिले. दिसले तेवढेच लिहायचे.

गवा समोर आला तर काय करायचं हे विचारून घेतलं होतं. पळायचं नाही, ओरडायचं नाही, त्याच्या आणि वासराच्या मध्ये यायचं नाही, जाड झाडाच्या आडोशाला राहून त्याला जायला वाट द्यायची. एकटा बैल असेल तर आणखी सावध. आणि मोबाइल काढायचा नाही. माझ्याकडे त्या गायीचा फोटो नाही.

रेषेवरून परतताना दर चारशे मीटरला थांबून झाडं, झुडपं, गवत आणि लेंड्या-शेण यांची नोंद करायची असते. हे काम वेळखाऊ आणि पाठ मोडणारं आहे, दुपारचा एक वाजतो. झाडांची नावं मामा स्थानिक सांगतात, मॅडम यादीतली निवडतात. इथे दोन गोष्टींपासून जपा. खाजकुयलीच्या शेंगा जानेवारीत वाळलेल्या असतात. त्यांची लव अंगाला लागली तर चोळू नका, कापड झटकून शेण किंवा ओली माती लावून उतरवतात. दुसरी गोचीड. पॅन्ट मोज्यात खोचा, कुटीवर आल्यावर कपडे बाहेरच काढून अंग तपासा. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीतूनच पसरतो. परतल्यावर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांच्या नोंदी अॅपवरून उतरवून घेतल्या, हजेरीपटावर सह्या झाल्या आणि भाकरी, आमटी, खर्डा असं जेवण झालं. घरी आल्यावर पाय दोन दिवस बोलत होते. बूट धरून एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला. प्रमाणपत्र मार्चमध्ये ईमेलने आलं. त्यात माझ्या नावाची वेलांटी चुकली होती, कळवल्यावर चार दिवसांत दुरुस्त होऊन आलं.

पुढची गणना नियमाप्रमाणे २०३० मध्ये. तोवर थांबायचं नसेल तर मे महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं बऱ्याच अभयारण्यांत मचाणावरून पाणवठ्यावरचे प्राणी बघण्याचा निसर्गानुभव ठेवतं. त्यात चालणं कमी, जागरण जास्त. त्याच्या सूचना साधारण एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत येतात आणि जागा थोड्या असतात. आधार, फोटो, फिटनेस दाखला तयार ठेवा. चालण्याचा सराव आत्ताच सुरू केला तरी तो फार लवकर ठरणार नाही.